यादीतली चौथी ओळ

गेल्या महिन्यात दादा घरी आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत तालमीच्या ट्रस्टचे कागद, कडा उडालेले फोटो आणि एक दोनशे पानी वही. आमच्या पेठेतल्या तालमीला शंभर वर्षं पुरी होतायत. स्मरणिका काढायचं ठरलंय आणि लिहायचं काम माझ्याकडं आलंय. दादांनी वहीचं पहिलं पान उघडून माझ्यापुढं सरकवलं. वर मथळा, ‘तालमीचे वस्ताद’. खाली नावं, पुढं सालं. वरची तीन नावं निळ्या शाईत, जुन्या वळणाची. चौथ्या ओळीत त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं. काळ्या बॉलपेननं, दोनदा गिरवून.

“एवढं जसंच्या तसं छाप,” ते म्हणाले. “कागद सगळे बरोबर हाईत. वकिलाला दाखवून आणलंय.”

कागद बरोबरच होते. मी वही ठेवून घेतली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

थोरले वस्ताद वारले तेव्हा मी सातवीत होतो. दादा त्यांचे सख्खे पुतणे. तालमीची किल्ली, पावतीपुस्तकं, जागेचा उतारा सगळं त्यांच्याकडं आलं. पण गेली कित्येक वर्षं पहाटे पोरांना कुस्तीच्या हौद्यात उतरवत होते ते अण्णा. थोरल्या वस्तादांचे सगळ्यात जुने पठ्ठे. दुधाचा धंदा, सायकलला दोन किटल्या, रतीब घालून झाला की तालमीत. माती कधी उकरायची, ताक किती, तेल किती, हळद किती, कुठल्या पोराला किती जोर झेपतात, कुणाचा गुडघा कच्चा आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर त्यांचं नाव कुठंच नव्हतं.

वस्तादांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दादांनी तालीम उघडली. अंगावर कोरा फेटा, हातात पितळी कुलूप. मारुतीच्या तसबिरीशेजारी ते उभे राहिले. माझा थोरला भाऊ तालमीत जायचा, त्याचे कपडे सांभाळत मी उंबऱ्याबाहेर थांबलो होतो, म्हणून मला दोन्ही बाजू दिसल्या. पोरं एकेक करून आत गेली, वाकली, चिमूटभर माती कपाळाला लावली. दादांसमोरून गेली. आणि वळून परत बाहेर आली. बाहेर अण्णा नळावर पाय धूत होते. पोरांनी रांगेनं त्यांच्या ओल्या पायांना हात लावला. कुणी काही ठरवलेलं नव्हतं, हे भावानं मला नंतर शपथेवर सांगितलं. दादांचा चेहरा मला अजून आठवतो. कुलपावरची बोटं एवढी आवळली होती की नखं पांढरी पडली होती.

महिन्याभरात एकाच्या जागी दोन कुलपं झाली. नागपंचमीच्या आदल्या रात्री दारात मारामारी झाली, तीन पोरांच्या डोक्याला टाके पडले. अण्णांनी नदीकडच्या एका मळ्यात खड्डा काढला, माती मळली आणि बारा वर्षं तिथंच पोरं घडवली. तालमीत ट्यूबलाइट आल्या, भिंतभर आरसा आला, दारावर संगमरवरी पाटी आली. हौद्यातली माती मात्र कडक होत गेली.

मी इतिहास वाचत आलो तो नोकरी सांभाळून, हौसेनं. पण जगातल्या कुठल्याही गादीचं भांडण वाचताना मला आधी ती पहाट दिसते. पुस्तकी मराठीत ज्याला अधिमान्यता म्हणतात त्याला आमच्या पेठेत साधा शब्द आहे, मान. आणि दुसरा शब्द ताबा. ताबा किल्लीनं मिळतो, तोफेनं मिळतो, कोर्टाच्या हुकमानं मिळतो. मान समोरच्याच्या पाठीच्या कण्यात असतो, तो वाकला तर मिळाला. ज्याच्याकडं नुसता ताबा असतो तो कधी ना कधी वही घेऊन कुणाच्या तरी दारात येतो, हे मी पुस्तकांत अनेकदा वाचलं होतं. माझ्या दारात आलेलं पहिल्यांदा पाहिलं.

आपलं कोल्हापूर राजधानी झालं तेच मुळी दोन याद्यांमुळं. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले. ताराबाईंनी चार वर्षांच्या मुलाला, शिवाजीला, गादीवर बसवलं आणि सात वर्षं औरंगजेबाच्या प्रचंड फौजेला दमवलं. त्या सात वर्षांत त्यांना कुणी वंशावळ मागितली नाही. मैदानात जी उभी आहे तिचा मान, एवढा सरळ हिशोब होता. १७०७ ला बादशहा नगरला मेला, मोगलांनी संभाजी महाराजांच्या मुलाला, शाहूंना, सोडून दिलं आणि एका रात्रीत प्रश्न बदलला. आता लढणारी कोण हे कुणी विचारेना, हक्काचा कोण हे विचारू लागले. ताराबाईंनी सांगितलं, हा तोतया आहे. बखरी म्हणतात, त्यांनी सरदारांना दूधभातावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. दूधभातावरचा तो हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. जिनं सात वर्षं शपथेशिवाय माणसं राखली तिला आता ताटावर हात ठेवून घ्यावे लागले, तिथंच काहीतरी निसटलं होतं. ऑक्टोबरात खेडला लढाई झाली आणि धनाजी जाधव शाहूंकडं गेले.

पुढं १७१० मध्ये ताराबाईंनी पन्हाळ्यावर आपलं राज्य वेगळं थाटलं. १७१४ मध्ये त्याच पन्हाळ्यावर त्यांची सवत राजसबाई हिनं आपल्या मुलाला, दुसऱ्या संभाजीला, गादीवर बसवलं आणि ताराबाई व त्यांचा मुलगा कैदेत गेले. तो मुलगा १७२६ मध्ये कैदेतच वारला. १७३१ ला वारणेचा तह झाला, नदीच्या एका अंगाला सातारा, दुसऱ्या अंगाला कोल्हापूर. तेव्हापासून मराठ्यांच्या छत्रपतींच्या दोन याद्या आहेत. साताऱ्याच्या यादीत राजारामांनंतर थेट शाहू येतात. कोल्हापूरच्या यादीत मध्ये तो कैदेत मेलेला शिवाजी येतो, मग संभाजी. सालं तीच, माणसं वेगळी. शाळेत आम्हाला दोन्ही पाठ करायला लावल्या होत्या आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

कावळा नाक्याला ताराराणींचा पुतळा आहे, घोडा मागच्या दोन पायांवर उभा. तिथून जाताना आजही माझा हात छातीकडं जातो. पण याच ताराबाईंनी म्हातारपणी जे केलं ते मला पचत नाही, आणि हे लिहिल्याशिवाय पुढं जाणं खोटेपणाचं होईल. शाहूंच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी सांगितलं, माझा नातू मी लपवून वाढवलाय. त्यांच्या एका शब्दावर रामराजे १७५० मध्ये साताऱ्याच्या गादीवर बसले. राजा पेशव्यांच्या हाती जातोय असं दिसताच त्याच वर्षी त्यांनी त्याला किल्ल्यात कैद केलं आणि म्हणाल्या, हा माझा नातूच नव्हे. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर तशी शपथही घेतली. ज्या तोंडानं राजा झाला त्याच तोंडानं तो कुणीच नाही असा झाला. आणि तरीही १७७७ मध्ये मरेपर्यंत तो छत्रपती म्हणून राहिला, कारण पेशव्यांना शिक्का हवा होता. पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच यायची, त्याशिवाय पुण्यातला पराक्रमी माणूसही पेशवा होत नव्हता. जपानात नेमकं हेच चाललं होतं. १६०३ मध्ये तोकुगावा इएयासूनं सगळा देश मुठीत आणला, पण ‘शोगुन’ ही पदवी क्योटोतल्या सम्राटाकडून घेतली, ज्याच्याकडं म्हणावी अशी फौज नव्हती. अडीचशेहून जास्त वर्षांनी, १८६७ मध्ये, त्याच्या वंशजाला सत्ता परत करायची वेळ आली तेव्हा ती कुणाकडं करायची हा प्रश्नच पडला नाही. पदवी देणारा ठरलेला होता.

यादीतली ओळ खोडणं म्हणजे काय असतं ते इंग्रजांकडून शिकावं. ३० जानेवारी १६४९ ला त्यांनी आपल्या राजाचं, पहिल्या चार्ल्सचं, मुंडकं उडवलं. नंतरची अकरा वर्षं तिथं राजा नव्हता, त्यातला बहुतेक काळ क्रॉमवेल या सेनापतीचा होता. १६६० मध्ये मेलेल्या राजाचा मुलगा परत आला तेव्हा सरकारी दप्तरानं त्या वर्षाला पहिलं वर्ष म्हटलं नाही. बारावं म्हटलं. बाप मेला त्या क्षणापासून हाच राजा होता, मधलं काही घडलंच नाही, असा हिशोब. अकरा वर्षांचा देशाचा संसार, लढाया, कायदे, सगळं एका आकड्यानं पुसलं.

त्या खटल्यातली एक वस्तू मला फार जवळची वाटते. न्यायासनाचा अध्यक्ष होता जॉन ब्रॅडशॉ, पेशानं वकील. राजा समोर बसलेला आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतोय, तुम्ही माझा निवाडा कुठल्या अधिकारानं करताय ते आधी सांगा. तो आरोपांना उत्तरच देईना. न्यायाधीश म्हणून १३५ जणांची नावं जाहीर झाली होती, मृत्युदंडाच्या हुकमावर सह्या झाल्या ५९. आणि ब्रॅडशॉनं त्या दिवसांत जी टोपी घातली तिच्या आत पोलाद बसवलेलं होतं, कुणी गोळी झाडली तर डोकं वाचावं म्हणून. ती टोपी ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. बाहेरून प्रतिष्ठित माणसाची टोपी आणि आत लोखंड. राजा जुलमी होता, त्याला जाब विचारायलाच हवा होता असं माझं मत आहे. पण ज्या माणसाला आपल्या मागं लोक उभे आहेत याची खात्री असते तो टोपीला अस्तर लावताना कापडच लावतो. १६६१ मध्ये, त्याच ३० जानेवारीला, क्रॉमवेलबरोबर ब्रॅडशॉचंही प्रेत उकरून फासावर टांगलं. प्रेताला फाशी देणाऱ्यांनाही कसली तरी भीती होतीच.

चीनमध्ये तर नवं घराणं गादीवर आलं की जुन्या घराण्याचा इतिहास लिहून घेण्याची रीतच होती. मांचूंनी १६४४ मध्ये बीजिंग घेतलं, आणि त्यांनी लिहवलेला मिंग घराण्याचा इतिहास पुरा झाला १७३९ मध्ये. पंचाण्णव वर्षं. शहर घ्यायला एवढा वेळ लागला नव्हता. आधीच्याचा शेवट नीट लिहिला गेला की मगच आपली सुरुवात शाबीत होते, आणि आकाशाचा हुकूम त्यांच्याकडून निघून आपल्याकडं आला असं म्हणता येतं.

पण मला सगळ्यात जास्त हलवते ती आफ्रिकेतली गोष्ट. आजच्या घाना देशात अशांती लोकांचं राज्य होतं, कुमासी ही राजधानी. त्यांच्याकडं सोन्यानं मढवलेलं एक आसन आहे. त्यावर कुणीच बसत नाही, राजासुद्धा नाही. ते जमिनीला टेकू देत नाहीत, त्याला बसायला वेगळं आसन देतात. सगळ्या लोकांचा जीव त्यात आहे असं ते मानतात, मेलेल्यांचा, असलेल्यांचा आणि जन्माला यायच्या असलेल्यांचाही. १८९६ मध्ये इंग्रजांनी त्यांचा राजा प्रेम्पे धरून नेला. फौज इंग्रजांची, किल्ला इंग्रजांचा, ताबा पुरा. तरी १९०० मध्ये गव्हर्नर हॉजसन कुमासीला आला आणि भरल्या सभेत त्यानं विचारलं, ते सोन्याचं आसन कुठं आहे, मी त्यावर का बसलेलो नाही? लोक गप्प बसले आणि घरी गेले. काही दिवसांत लढाई पेटली. पुढारी होती एजिसूची राजमाता या असांतेवा, वयानं म्हातारी बाई. इंग्रज लढाई जिंकले, तिला सेशेल्सला नेऊन ठेवलं, १९२१ मध्ये ती तिथंच गेली. पण आसन त्यांना मिळालं नाही. लोकांनी ते जमिनीत पुरून ठेवलं होतं. जवळपास वीस वर्षांनी रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना ते सापडलं, आणि तोवर इंग्रजही एवढं शिकले होते की त्यांनी ते मागितलं नाही.

‘गादी’ या आपल्या शब्दाकडं मी त्यानंतर वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. आपण सिंहासन क्वचित म्हणतो. गादी म्हणतो, कापूस भरलेली, घरातल्यासारखी. दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात छत्रपती येतात, शमीपूजन होतं आणि क्षणात सगळा चौक आपट्याच्या पानांवर तुटून पडतो. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी ते पाहिलंय. संस्थान १९४९ च्या १ मार्चला मुंबई राज्यात विलीन झालं, ताबा तेव्हाच गेला. तरी पानं हातात घेऊन माणसं वाकतात. आणि तीच माणसं मतदानाला वेगळी वागतात. २००९ मध्ये याच घराण्यातले संभाजीराजे लोकसभेला पडले, २०२४ मध्ये शाहू महाराज निवडून आले. मान कुठं द्यायचा आणि मत कुठं द्यायचं हे आमच्या गावाला नीट कळतं, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे.

मान आणि ताबा दोन्ही हातात असताना माणसानं काय करावं, हे ज्यानं दाखवलं तो राजाही इथलाच. १८९९ च्या कार्तिकात राजर्षी शाहू महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला गेले होते. भटजी मंत्र म्हणत होते. बरोबरच्या राजारामशास्त्री भागवतांच्या ध्यानात आलं की मंत्र वेदोक्त नाहीत, पुराणोक्त आहेत. विचारलं तर उत्तर आलं, शूद्राला हेच. थंड पाण्यात कमरेएवढा उभा असलेला राजा, ज्याच्या खजिन्यातून त्या भटजीला दक्षिणा जाते, आणि राजा क्षत्रिय की नाही हे ठरवणार तो भटजी. दोनशे पंचवीस वर्षांपूर्वी रायगडावर थोरल्या महाराजांनाही हाच प्रश्न विचारला गेला होता, काशीहून गागाभट्टांना आणावं लागलं होतं. शाहू महाराजांनी राजोपाध्यांचं वतन जप्त केलं, वाद वर्षानुवर्षं चालला. स्वतःपुरता हक्क मिळवून ते थांबले असते तरी कुणी बोललं नसतं. पण ज्या माणसाला नदीत उभं राहून अपमान कळला त्याला गावातल्या प्रत्येकाचा अपमान दिसू लागला. २६ जुलै १९०२ ला, ते स्वतः विलायतेत असताना, करवीरचा जाहीरनामा निघाला. रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांतल्या ५० टक्के मागास वर्गांना.

त्याहून मला त्यांचा चहा मोठा वाटतो. गंगाराम कांबळे हे अस्पृश्य मानलेल्या जातीतले. त्यांना कोल्हापुरात हॉटेल काढायला महाराजांनी मदत केली. दुकान उघडलं पण चहा प्यायला येणार कोण? महाराजांनी आपली गाडी त्या दारात थांबवली, चहा मागवला, स्वतः प्याला आणि बरोबरच्या मंडळींना पाजला. शेकडो वर्षांची गादी, तिचा सगळा मान त्यांनी एका कपाएवढ्या जागेत ओतला. राजा पितो म्हटल्यावर नाही म्हणणार कोण? मान साठवून ठेवणारे राजे मी पुष्कळ वाचलेत. तो असा खर्च करणारा फार थोड्यांदा भेटला. १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत याच राजानं जमलेल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळालाय, आणि बोट दाखवलं ते आंबेडकरांकडं. महाराज गेल्यावर त्यांचं स्मारक उभारायला पुढं झाले तेही गंगाराम कांबळेच.

हे सगळं डोक्यात घेऊन मी पंधरा दिवस ती वही उघडायचो आणि मिटायचो. अण्णांचं नाव लिहायला माझा हात शिवशिवत होता. पण अण्णा जाऊन वर्षं झाली, दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, जिना चढायला धाप लागते. शेवटी मीच त्यांना बोलावलं.

ते आले. चहा ठेवला. मी म्हटलं, “दादा, एक विचारू? तालमीत पोरं तुम्हाला काय म्हणायची?”

“दादा म्हणायची. मोठी माणसं अध्यक्ष म्हणायची.”

“आणि अण्णांना?”

ते बोलले नाहीत. चहावर साय धरली. त्यांनी बशी थोडी फिरवली, परत होती तशी ठेवली.

“मळ्याकडं गेलतो मी एकदा,” ते म्हणाले. “पहाटं. उसाच्या आडनं बघितलं. तुझा भाऊ लढत हुता. मोळी डाव टाकला त्यानं, असा साफ टाकला, काकांनी टाकावा तसा. मला वाटलं जावावं, माती लावावी कपाळाला.” थोडा वेळ गेला. “न्हाई गेलो. किल्ली खिशात हुती माझ्या.”

मी काही बोललो नाही. त्यांनी वही ओढली, चष्मा लावला, माझ्याकडून पेन घेतलं आणि चौथ्या ओळीवरचं आपलं नाव एका रेघेनं खोडलं. मग पेन तसंच धरून बराच वेळ बसले. दुसरं नाव काही त्यांच्या हातून उतरेना.

“साल तेवढं ऱ्हाऊ दे,” ते उठताना म्हणाले. “जागा मोकळी सोड.”

काल छापखान्यातून पोराचा फोन आला. “सर, वस्तादांच्या यादीत चार नंबरला नाव राहिलंय. साल आहे फक्त.”

राहू दे, म्हटलं. तसंच छाप.